ओरिजिनल, झंकार, व्हर्जन, कव्हर: एका शब्दाचा गुंता

गाण्याचं 'ओरिजिनल' कोणतं आणि व्हर्जन किंवा कव्हर कोणतं, हा वाद नाट्यपदांच्या बाबतीत उद्भवलाच नाही. एकच पद चार गायकांनी चार तऱ्हांनी गायलं, तर रसिक एकमेकांना 'आधी यांचं ऐका, मग त्यांचं' एवढंच सांगत. हरकती वेगळ्या असणं हीच ऐकण्यातली गंमत होती. अस्सल कोणतं आणि दुय्यम कोणतं ही भानगड तबकडीबरोबर आली, आणि तबकडीचंही सगळं सरळ नव्हतं. तीस-चाळीसच्या दशकांत गायक ठरावीक कंपनीशी बांधलेले असत. त्यामुळे पडद्यावर एकाचा आवाज आणि तबकडीवर दुसऱ्याचा, असं अनेकदा घडे. १९४९च्या 'महल'च्या तबकडीवर तर गायिकेऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं: कामिनी.

खरा गुंता कॅसेटने वाढवला. ऐंशीच्या दशकात कॅसेट भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, दोन-चार दिवसांनी भरलेली न्यायची. सी-६०च्या एका बाजूला ३० मिनिटं, म्हणजे साडेतीन मिनिटांची आठ गाणी. नववं घुसवलं की शेवटच्या अंतऱ्यात टेप संपलीच. सी-९०ला बाजूला बारा. सी-१२० शहाणे लोक टाळत, कारण तिची पातळ टेप जुन्या डेकच्या रोलरला गुंडाळली जाई. सुरुवातीची काही सेकंदं लीडरची, म्हणजे टेपच्या टोकाला जोडलेल्या कोऱ्या पट्टीची, त्यावर आवाज उमटत नाही. ती पुढे न सरकवता भरलेल्या कॅसेटचं पहिलं गाणं अर्ध्या शब्दावर सुरू होतं. भरून झाली की मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडायचे, नाहीतर घरातलं कोणीतरी त्यावरच बाळाचे बोबडे बोल भरून ठेवणार.

या याद्यांत गाण्यापुढे 'ओरिजिनल' असं लिहून द्यावं लागे. कारण दुकानदाराकडची कॅसेटच पुष्कळदा व्हर्जनची असे: तेच शब्द, तीच चाल, पण गायक नवा आणि व्हायोलिनच्या ताफ्याच्या जागी सिंथेसायझर. मुखपृष्ठावर जुन्या गायकाचं नाव ठळक आणि खऱ्या गायकाचं आतल्या घडीत, अशी चलाखीही चाले. तरीही व्हर्जनला सरसकट चोरी म्हणणं अन्यायाचं आहे. ज्यांच्या कपाटात जुनी गाणी होती त्यांनी त्यातली कितीतरी वर्षानुवर्षं बाजारात आणलीच नाहीत. स्वस्त व्हर्जनमुळेच ती एका पिढीच्या कानावर पडली.

'झंकार'चा प्रकार वेगळा. त्यात आवाज जुनाच, ध्वनिमुद्रणही जुनंच, वरून ऑक्टोपॅडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा ठेका चढवलेला. जुनी गाणी मेट्रोनोम (एकसारखा ठोका देणारं यंत्र) लावून मुद्रित झालेली नसत, त्यामुळे चढवलेला ठेका मधल्या संगीतात मूळ तबल्यापासून सुटतो. झंकार ओळखायची खूण तीच. कायद्याच्या नजरेतही फरक मोठा आहे: झंकारला मूळ मुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते, व्हर्जन त्या मुद्रणाला हातच लावत नाही.

इथेच १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ येतं. एखाद्या गाण्याचं एक मुद्रण मालकाच्या संमतीने निघालेलं असेल, तर दुसऱ्याने नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून त्याच शब्दांचं आणि चालीचं नवं मुद्रण केल्यास तो भंग नाही, असं त्यातलं एक उपकलम सांगे. १९९४च्या दुरुस्तीने त्यात मुदत घातली: पहिलं मुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर आणखी दोन वर्षं थांबायचं. कज्जे माजले ते दोन मुद्द्यांवर. नोटीस दिली, पण मालकाने चेक परत पाठवला तर पुढे जाता येतं का? आणि 'आवश्यक तेवढेच बदल' या अटीत गायक बदलणं बसतं का? निकाल एका बाजूने लागले नाहीत. दुसरी शंका तर अजबच, कारण आवाज बदलायचा नसेल तर व्हर्जन करायचंच कशाला?

२०१२च्या दुरुस्तीने ते उपकलम काढून कलम ३१-सी आणलं आणि कायद्यात प्रथमच 'कव्हर व्हर्जन' हे शब्द आले. व्याख्या वाचण्यासारखी आहे: या कलमानुसार केलेलं ध्वनिमुद्रण म्हणजे कव्हर व्हर्जन. झालं! मुदत दोनाची पाच वर्षं झाली. मार्च २०२०मध्ये मुद्रित झालेल्या गाण्याचं कव्हर जानेवारी २०२६च्या आधी निघू शकत नाही. वेष्टनावर जुन्या गायकाचं नाव किंवा चित्र चालत नाही आणि हे कव्हर असल्याचं छापावं लागतं, हे योग्यच झालं. जाच आहे तो रॉयल्टीचा. ती आगाऊ भरायची, आणि दर गाण्यामागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची. हिंदी सिनेगीताला हे जमेल, भावगीतांचा छोटा संच काढणाऱ्याने काय करायचं? एखाद्या भाषेसाठी हा आकडा कमी करण्याची सोय कलमात आहे, पण ते काम ज्या मंडळाचं होतं ते २०१७मध्ये दुसऱ्या अपिली मंडळात विलीन झालं आणि ते अपिली मंडळही २०२१मध्ये बरखास्त झालं.

त्यामुळे घरी युकुलेलेवर गाऊन व्हिडिओ टाकणारा ज्याला 'कव्हर' म्हणतो, ते या कलमातलं कव्हर नव्हे. कलम ध्वनिमुद्रणापुरतं आहे, चित्राशी जोडायची परवानगी निराळी. प्रत्यक्षात संकेतस्थळाची यंत्रणा चाल ओळखते आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळवते, नाहीतर व्हिडिओ अडवते. नेहमीची चूक कराओके ट्रॅकची. शब्द-चालीची परवानगी मिळाली तरी उतरवून घेतलेला ट्रॅक हे तिसऱ्याच कोणाचं तरी मुद्रण असतं, आणि दावा तिथून येतो.

लो-फाय म्हणून फिरणारी गाणी तर बहुधा मूळ मुद्रणच असतात, संथ केलेली. वेग दहा टक्के उतरवला की सूर जवळपास दोन अर्धस्वर खाली येतो: पेटीच्या काळी चार पट्टीतलं गाणं काळी तीनमध्ये. तिथे पेटी धरून बसलात तर नीट जुळणारही नाही, किंचित वर राहील.

गाणं सुचवताना नुसती लिंक देऊन भागत नाही ते यासाठी. स्ट्रीमिंगवर दिसणारं वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यावर विसंबू नये. कालावधी पाहावा. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीत सव्वातीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे. त्या काळातलं गाणं साडेचार-पाच मिनिटं भरलं, तर ते एकतर तबकडीच्या दोन बाजू जोडलेलं आहे, किंवा चित्रपटाच्या पट्टीवरून उतरवलेलं, तबकडीवर नसलेल्या अंतऱ्यासह.