व्हेलास्केसचा छोटा राजपुत्र
(कॅनव्हास प्रिंट घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

दुकानात हे चित्र पाहून बरेच जण विचारतात, "ही मुलगी कोण?" मुलगी नव्हे, मुलगा आहे. स्पेनचा राजपुत्र फेलिपे प्रोस्पेरो, वय जेमतेम दोन. तेव्हा युरोपात लहान मुलग्यांनाही झगेच घालत. दिएगो व्हेलास्केसनं १६५९ मध्ये रंगवलेलं मूळ चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे.

चेहरा पाहून झाला की कमरेकडे बघा. लालसर झग्यावर झिरझिरीत पांढरा एप्रन आणि त्यावर लोंबणाऱ्या वस्तू: छोटी घंटा, ताईत, रोगराई दूर राहावी म्हणून सुगंधी द्रव्यांची गोल डबी. तान्ह्या बाळाच्या मनगटातली काळ्या मण्यांची मनगटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको. दृष्टीची धास्ती राजवाड्यालाही होती. चौथ्या फेलिपे राजाचा थोरला मुलगा १६४६ मध्ये गेला, आणि पुढची ११ वर्षं गादीला मुलगा नव्हता. त्यानंतर झालेला हा, तोही सतत आजारी.

चित्र रवाना झालं ते बाळाच्या आजोळी. व्हिएन्नाचा सम्राट लिओपोल्ड हा त्याचा सख्खा मामा. वारस आहे, उभा राहतो आहे, एवढं तिकडे कळायला हवं होतं. तरीही व्हेलास्केसनं ताईत झाकले नाहीत, हे आम्हाला फार मोठं वाटतं. राजपुत्र १ नोव्हेंबर १६६१ ला वारला, चार वर्षंही पुरी झाली नव्हती. फिकट चेहरा पाहून 'चित्रकाराला पुढचं दिसलं होतं' असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. समोर अशक्त पोर उभं होतं, ते त्यानं जसंच्या तसं रंगवलं.

"फक्त चेहरा मोठा करून द्या" अशी मागणी हमखास येते. सांगाल तसं करून देऊ, पण मग खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात जातो, खुर्चीतली छोटी कुत्री जाते (ती व्हेलास्केसची लाडकी होती, असं त्याचा जुना चरित्रकार पालोमिनो लिहितो) आणि मागची मोठी अंधारी खोलीही जाते. मूल एवढंसं दिसतं ते त्या खोलीमुळेच. तो काळोख छपाईतला दोष नाही. मागे उघड्या दारातून येणारा उजेड दिसला, तर प्रिंट बरोबर आली असं समजा.

पूर्ण चित्रासाठी ३० इंच उंचीला साधारण २३ इंच रुंदी धरा. फ्रेम गडद लाकडी घ्या, सोनेरी नक्षी नको. खिडकीसमोरची भिंत टाळा. चकाकीत आधी एप्रनच दिसेनासा होतो.