रेडिएटरमधली हवा येते कुठून?

ऑक्टोबर सरत आला की ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक तक्रार हमखास निघते: बॉयलर चालू आहे, खालची खोली उबदार आहे, पण माडीवरचा रेडिएटर (आत गरम पाणी फिरवून खोली तापवणारा भिंतीवरचा पत्रा) वरच्या बाजूला गार. उत्तरही ठरलेलं, "हवा धरलीय, किल्ली फिरव." हीटिंग बंद करायचं, खाली फडकं धरायचं, चौकोनी भोकाची ती छोटी किल्ली रेडिएटरच्या वरच्या टोकाच्या झडपेला लावून अर्धा फेर फिरवायची आणि फुस्स आवाज थांबून पाणी आलं की आवळायची. आता ही हवा शिरली कुठून, ते घराची यंत्रणा कुठल्या काळातली आहे त्यावर अवलंबून असतं.

गरम पाणी नळ्यांतून फिरवायची कल्पना जुनी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोनमँ यांनी ती कोंबडीची अंडी उबवायला वापरली. पंप नव्हताच. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, निवलेलं खाली उतरायचं. पुण्यातल्या गच्च्यांवरचे बरेचसे सोलर हीटर आजही असेच चालतात, म्हणून तर त्यांची टाकी पॅनेलच्या वर असते. पण हा जोर किती? ८० अंशांचं पाणी ६० अंशांच्या पाण्यापेक्षा जेमतेम एक टक्क्याने हलकं. तीन मीटर उंचीला मिळणारा दाब साडेतीन सेंटिमीटर पाण्याइतका. नळीत लहानसा बुडबुडा अडकला तरी सगळं ठप्प! त्यामुळे जुने कारागीर जाड नळ्या एकसारख्या चढाने टाकत. हवा आपसूक वर जाऊन उघड्या नळीतून निघून जाई.

१९२८ मध्ये डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडर यांनी पाणी ढकलणारा पंप नळीतच बसवला आणि पुढे चढ-उताराची पर्वा उरली नाही. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये अर्ध्या इंचाच्या (पुढे १५ मिलिमीटरच्या) तांब्याच्या नळ्या आल्या, पाठोपाठ ८ नि १० मिलिमीटरच्याही. फरशीच्या फळ्यांखालून, दारावरून, वाट्टेल तशा वळवलेल्या. प्रत्येक उंचवट्यावर हवेला बसायला जागा! पंपाची जागा चुकली तर तो यंत्रणेला पाणी पुरवणाऱ्या माळ्यावरच्या टाकीत पाणी उसळवतो, नाहीतर सैल जोडातून हवा आत ओढतो. टाकीचा फ्लोट अडकून ती कोरडी पडली, तर माडीवरचे रेडिएटर आधी गार पडतात.

दर आठवड्याला किल्ली फिरवावी लागत असेल, तर ती बहुधा हवा नसतेच. लोखंडी रेडिएटर आतून गंजताना पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि काळा मॅग्नेटाइट गाळ तळाशी बसतो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जवळ मेणबत्ती वगैरे नको. वर गार म्हणजे वायू, खाली गार म्हणजे गाळ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. फडक्यावर काळे डाग पडले की नुसती किल्ली पुरत नाही. यंत्रणा धुऊन पाण्यात गंजरोधक घालावं लागतं.

हल्लीच्या कॉम्बी बॉयलरला (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या) माळ्यावरची टाकी नसते. बंद यंत्रणा, थंड असताना दाब साधारण एक ते दीड बार. काटा खाली आला की आपण फिलिंग लूप (नळाचं पाणी यंत्रणेत सोडणारी जोडनळी) उघडून पाणी भरतो आणि त्या ताज्या पाण्यासोबत नवा ऑक्सिजन आत सोडतो, म्हणजे पुन्हा गंज. महिन्यातून दोनदा भरावं लागत असेल, तर आधी गळती शोधा: रेडिएटरच्या व्हॉल्व्हखालचा गालिचा हाताने चाचपून बघा.