पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके आणि मानसिक विकार

पीयूषिका किंवा पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी; वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. थायरॉईड, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी आणि बीजकोश तिच्याच सांगण्यावर चालतात, त्यामुळे तिचा बिघाड पुष्कळदा आधी वागण्यात दिसतो. एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारे पीयूषिकेचे संप्रेरक) वाढून कॉर्टिसोल (अधिवृक्क ग्रंथींचे, ताण झेलायला लागणारे संप्रेरक) चढले की नैराश्य, चिडचिड, झोपमोड. प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारे संप्रेरक) वाढले की पाळी थांबते. रिस्पेरिडोन या मनोविकारावरच्या औषधानेही ते वाढते. मग रुग्ण गोळ्या परस्पर सोडतो आणि आजार उलटतो.

ग्रामीण विदर्भात जास्त चुकते ते ग्रंथी मंदावल्याचे निदान. गरोदरपणात ती फुगते. बाळंतपणात अतोनात रक्त जाऊन रक्तदाब कोसळला की तिच्या पुढच्या भागातील पेशी मरतात. ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेला हा विकार. पहिली खूण, पान्हा न फुटणे. मग पाळी परत येत नाही, काखेतले केस झडतात. पुढचे सारे वर्षानुवर्षे, हळूहळू: मे महिन्यात पारा ४५ वर असताना अंगावर गोधडी, विचारल्यावर उशिराने एका शब्दात उत्तर, निंदणीला जाणे बंद. घरचे आळस म्हणतात, शेजारी बाहेरची बाधा, दवाखान्यात नैराश्याच्या गोळ्या मिळतात. रक्तातले सोडियम घसरले तर बरळणे, भ्रम, कधी झटकेही. घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्यातही हेच चित्र दिसू शकते, कारण विषामुळे ग्रंथीत रक्तस्राव होतो किंवा गुठळ्या होतात. म्हणून बाळंतपणातला रक्तस्राव आणि सर्पदंश, दोन्ही आवर्जून विचारावेत.

नुसत्या टीएसएचवर (थायरॉईडला चालना देणारे पीयूषिकेचे संप्रेरक) विसंबू नये. ते बनवणारी ग्रंथीच निकामी असल्याने अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो. फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉईड संप्रेरक) आणि सकाळी ८ च्या सुमाराचे कॉर्टिसोल सोबत लागते.

उपचारात क्रम महत्त्वाचा. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची उणीव भरणारे औषध), साधारण दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत, मोठा भाग सकाळी, थायरॉक्सिन (थायरॉईड संप्रेरकाची गोळी) त्यानंतरच. उलटे केल्यास उरलेसुरले कॉर्टिसोल झपाट्याने खर्ची पडून रुग्ण कोसळतो. तापात डॉक्टर मात्रा दुप्पट-तिप्पट करायला सांगतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच लागते, तेही त्याच दिवशी.