ट्रकवर घर बांधताय? मग आधी पासिंगचं बघा: कॅम्परची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रं

फोर बाय फोर ट्रक घ्यायचा, त्यावर झोपण्या-रांधण्यापुरती खोली चढवायची आणि रस्ता संपेल तिथून पुढे निघायचं. असं स्वप्न पाहणारे बहुतेक लोक पहिले सहा महिने इन्सुलेशन, सोलर आणि पाण्याची टाकी यांतच घालवतात. आरटीओची आठवण होते ती बॉडी तयार झाल्यावर. हा क्रम उलटा आहे. भारतात अशी गाडी रस्त्यावर येणार की नाही, हे वेल्डिंगची पहिली ठिणगी पडण्याआधी कागदावर ठरतं.

अडचण कुठे आहे ते आधी सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आजच्या रूपात आलं. परवानगी नसलेले सुटे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. कॅम्पर म्हणजे बदलांची माळच असते.

म्हणजे मार्गच नाही असं नाही. मार्ग आहे, पण तो 'आधी बनवू, मग पास करून घेऊ' असा नाही.

कॅम्पर कशाला म्हणायचं

कायद्याच्या भाषेत या गाडीचं नाव 'मोटर कॅरव्हॅन'. गाडीत किमान चार गोष्टी असल्या तरच ती या वर्गात बसते: बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय (बाकांचाच पलंग होत असेल तरी चालतं), स्वयंपाकाची सोय, आणि सामान ठेवायची जागा. हे सगळं राहण्याच्या भागात पक्कं बसवलेलं हवं. फक्त टेबल सहज काढता येण्यासारखं असलं तरी चालतं. पिकअपच्या हौद्यात गादी टाकली आणि वर शेगडी ठेवली म्हणून कॅरव्हॅन होत नाही. शौचालय मात्र या किमान यादीत नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं.

या वर्गाच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. चाचणी आणि मंजुरी देतात त्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खालच्या संस्था. त्यांत पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मानेसरची आयकॅट या आहेत. मंजुरी गाडीच्या नमुन्याला मिळते, आणि ती बांधणाऱ्याच्या नावावर असते, गाडीमालकाच्या नाही. सगळी प्रक्रिया या एका वाक्यावर उभी आहे.

तुमच्यापुढचे रस्ते

सरळ रस्ता म्हणजे तुम्हाला हव्या त्याच मूळ गाडीवर कॅरव्हॅन बांधायची मंजुरी ज्याच्याकडे आधीपासून आहे, असा बॉडी बिल्डर शोधणं. मंजुरीपत्राची प्रत मागा आणि त्यात गाडीचं मॉडेल, चाकांमधलं अंतर, आसनसंख्या आणि कमाल वजन शब्दशः तपासा. एका पिकअपची मंजुरी दुसऱ्या पिकअपला चालत नाही. 'आपलं आरटीओत सेटिंग आहे' हे मंजुरीपत्राला पर्यायी कागद म्हणून कोणी पुढे करू लागला, तर चहा घ्या आणि निघा.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःच्या नकाशाप्रमाणे नमुना बनवून घेणं आणि चाचणी संस्थेकडून त्याची मंजुरी काढणं. मनासारखी ऑफ-रोड गाडी याच रस्त्याने मिळते. पण अर्ज बांधणाऱ्या व्यवसायाच्या नावाने जातो, आणि चाचण्यांचा सगळा खर्च एकाच गाडीवर पडतो. चार-पाच जणांना एकसारखी गाडी हवी असेल, तर एकत्र येऊन एकाच बिल्डरकडून हे करून घेण्यात शहाणपण आहे. एकट्यासाठी मी तरी सुचवणार नाही.

तिसरा प्रकार म्हणजे हौद्यात माल म्हणून ठेवायची, जॅकवर उचलून बाजूला काढता येणारी खोली. गाडीची नोंद जशी होती तशीच राहते, कारण गाडीत बदल झालेलाच नाही, असा यामागचा युक्तिवाद. गाडी चालू असताना खोलीत कोणी बसायचं नाही, खोली खरोखर काढता आली पाहिजे, आणि लांबी-रुंदी-वजनाच्या मर्यादा पाळल्या पाहिजेत. तरीही रस्त्यावर अडवणारा अधिकारी हा युक्तिवाद मानेलच याची हमी नाही. बोल्टने कायमची पक्की केलीत की ती माल राहत नाही, बॉडी होते. मग पुन्हा कलम ५२.

मूळ गाडी निवडताना

इथे थोडं थांबू, कारण पैसे बुडतात ते इथेच.

युरोपातून जुना युनिमॉग (मर्सिडीजचा फोर बाय फोर ट्रक) आणायचा विचार असेल, तर तो आजच सोडा. वापरलेल्या गाडीच्या आयातीला उत्पादनापासून तीन वर्षांची वयोमर्यादा आहे, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि ती उतरते फक्त मुंबई बंदरात. मोहिमांसाठी लोक शोधतात ते युनिमॉग बहुतेक तीस-चाळीस वर्षांचे आणि डाव्या स्टिअरिंगचे असतात.

लष्कराच्या लिलावातला ट्रक हे दुसरं आकर्षण. स्टॅलियन किंवा जुना शक्तिमान पाहून कोणाचंही मन पाघळतं. अशा गाडीच्या नोंदणीसाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र फॉर्म २१ मध्ये लागतं. पण तेवढ्याने भागत नाही. उत्सर्जनाचं मानक आणि गाडीचं वय यांवरून अर्ज अडू शकतो. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ सक्तीचं आहे, आणि हे ट्रक त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून बोली लावण्याआधी गाडीचा तपशील देऊन तुमच्या आरटीओकडून लेखी उत्तर घ्या. खिडकीवरचं 'होऊन जाईल' हे उत्तर नव्हे.

उरते नवी गाडी: फोर बाय फोर पिकअप किंवा ट्रकची केबिन-चासी, म्हणजे मागे बॉडी नसलेला, नुसती केबिन आणि खालचा सांगाडा असलेला ट्रक. पिकअप खासगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू, हे बदलाच्या अर्जात महत्त्वाचं ठरतं, म्हणून आरसीतला वाहनवर्ग आधी पाहा. चासीचा फायदा असा की त्यावर बॉडी बांधणं अपेक्षितच असतं, आणि त्यासाठी कायद्यात सरळ वाट आहे.

वजनाचा हिशेब कागदावर करा. कायद्यातली हलकी मोटार गाडी ७५०० किलोवर संपते. मोटारकारसाठी ते रिकामं वजन धरतात, वाहतूक वाहनासाठी भरलेलं. वाद नको असेल, तर भरलेलं वजनच ७५०० च्या आत ठेवा, म्हणजे तुमचा एलएमव्ही (हलक्या मोटार गाडीचा) परवाना पुरेसा होईल. तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो. त्यात डिझेल, बॅटऱ्या, सुटी चाकं आणि माणसं धरली की मर्यादा बघता बघता संपते. रुंदी २.६ मीटरच्या आत, आणि मागचा लोंबता भाग चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांच्या आत हवा. ऑफ-रोडला तर तो याहूनही कमीच बरा, नाहीतर ओढ्यातून वर चढताना बंपर जमिनीत रुतेल.

नकाशा: निरीक्षक काय बघतो

मंजुरीसाठी नकाशा लागतो आणि त्यात सबफ्रेम, म्हणजे चासी आणि खोली यांच्या मधली चौकट, दाखवावी लागते. ट्रकची चासी खडबडीत रस्त्यावर पिळवटते, ती पिळवटावी म्हणूनच तशी बनवलेली असते. वर बसणारी खोली मात्र ताठ असते. दोन्ही थेट जखडल्या तर चासीला तडा जातो किंवा खोलीचे कोपरे उकलतात. म्हणून तीन किंवा चार बिंदूंवर झुलणारी किंवा स्प्रिंगवर बसवलेली सबफ्रेम वापरतात. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही आणि तिथे वेल्डिंग करायचं नाही. भोकं घ्यायचीच तर उभ्या पट्टीत, उत्पादकाच्या बॉडी बांधणीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी. ही पुस्तिका विक्रेत्याकडे मागा. ती नकाशाला जोडली की अर्धे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

गॅसचा कप्पा आतून बंद, बाहेरून उघडणारा आणि तळाशी जाळी असलेला करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. प्रवासी बसणार असतील तेवढीच आसनं मंजुरीत दाखवा, सीट बेल्टसकट. पलंगावर बसून प्रवास हा हिशेबात धरायचा प्रकार नाही.

आणि पुढचं लोखंडी बुल बार विसरा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाईचे निर्देश राज्यांना दिले आहेत.

कागदपत्रं

चासी घेतल्यावर आधी तात्पुरती नोंदणी होते. बॉडी बांधायला वेळ लागला तर ती वाढवून घेता येते, पण मुदत संपायच्या आत अर्ज करायचा. बिल्डर 'आठवडाभरात देतो' म्हणत असला तरी वाढ मागून ठेवा.

बॉडी पूर्ण झाली की कायम नोंदणीचा अर्ज फॉर्म २० मध्ये. त्याला जोडायचं ते असं: विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र फॉर्म २१, तात्पुरत्या नोंदणीची प्रत, चालू विमा, पत्त्याचा पुरावा, आणि कर व फी भरल्याच्या पावत्या. कर्ज असेल तर बोजा नोंदवण्यासाठी फॉर्म ३४ बँकेच्या सहीशिक्क्यासह. पूर्ण तयार गाडीला जिथे फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र) लागतो, तिथे तुम्हाला फॉर्म २२-अ लागेल. त्याचे दोन भाग असतात. एक चासी उत्पादक भरतो, दुसरा बॉडी बिल्डर. दुसरा भाग भरायला बिल्डर का-कू करत असेल, तर त्याच्याकडे मंजुरी नाही असं समजा. सोबत एआयएस-१२४ च्या मंजुरीची प्रत, मंजूर नकाशा आणि वजनकाट्याची पावती.

आधीच नोंदलेल्या गाडीवर मंजुरीधारक बिल्डरकडून काम करून घेणार असाल, तर अर्ज बदलाचा होतो. काम पूर्ण झाल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला कळवून, फीसह मूळ आरसी नोंदीसाठी द्यावी लागते. गाडी कर्जावर असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती काम सुरू होण्याआधीच हवी. विमा कंपनीलाही तेव्हाच कळवा, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी बरोबर सापडतो.

अर्ज सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून भरला, तरी गाडी निरीक्षकासमोर न्यावीच लागते. जाताना पाण्याच्या टाक्या रिकाम्या, सामान काढलेलं, पण टेबल, पलंग आणि शेगडी जागेवर असू द्या. चासी क्रमांक सबफ्रेमखाली झाकला जाणार नाही ना, हे बांधतानाच बघायचं होतं. तिथे आडवं पडून ग्राइंडर मारणारे लोक मी पाहिले आहेत.

खासगी की भाड्याची

केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन 'परिवहनेतर' वाहनांत आहे. म्हणजे पांढरी पाटी, पंधरा वर्षांची नोंदणी, परमिट नाही. अर्जात वर्ग निवडताना 'खासगी वापर' हे शब्द असलेलाच पर्याय घ्या. नुसता 'कॅम्पर व्हॅन' निवडला की गाडी परिवहन वाहनांत जाते आणि फिटनेस-परमिटचं चक्र मागे लागतं. अर्थात, भाड्याने द्यायचीच असेल तर तोच योग्य वर्ग आहे. खासगी नोंदणीवर भाडं घेऊ नका. कराचा दर राज्यागणिक आणि वर्गागणिक बदलतो, तो पोर्टलवर गाडीचा तपशील भरून पाहून घ्या.

आरसी हातात आली की तिथेच उभं राहून वाचा: वाहनवर्ग, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकामं वजन, चासी आणि इंजिन क्रमांक. पुढे कधी गाडी देशाबाहेर न्यायची झाली तर कार्नेट द पसाज काढावं लागेल, म्हणजे गाडी परत नेण्याची सीमाशुल्क खात्याला दिलेली हमी. वर्षभर चालणाऱ्या त्या पुस्तिकेत हेच क्रमांक आणि हेच वजन उतरवलं जातं. इराणच्या नाक्यावर आरसीत एक आकडा आणि कार्नेटमध्ये दुसरा निघाला, तर तिथे चुकीच्या नोंदीची दुरुस्ती करून मिळत नाही.