गोव्याच्या हिशेबात पर्यटनाची ओळ कुठे आहे?

पाऊस सरला की वर्तमानपत्रांत पर्यटकांचे आकडे झळकू लागतात आणि पाठोपाठ ते ठरलेलं वाक्य येतं: गोवा पर्यटनावर चालतो. गंमत अशी की, राज्याच्या सकल मूल्यवर्धनाचा, म्हणजे प्रत्येक क्षेत्राने अर्थव्यवस्थेत स्वतः किती भर घातली त्याचा, तक्ता उघडला तर त्यात ‘पर्यटन’ ही ओळच सापडत नाही. शेती, मासेमारी, खाणकाम, कारखानदारी, व्यापार, हॉटेल, वाहतूक अशा ओळी असतात आणि पर्यटकाचा पैसा त्यांत विखुरतो. (वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बनणारी औषधं कारखानदारीच्या ओळीत पडतात, पण ती मात्र कुणाच्या बोलण्यातही नसतात.)

समजा, मालीम जेटीवर ट्रॉलरवाल्याने 100 रुपयांचे बांगडे विकले. त्यातले 40 डिझेल-बर्फाचे. मासेमारीच्या ओळीत पडले फक्त 60. मासळीवालीने तेच 150 ला विकले. व्यापारात 50 पडले. पणजीतल्या खानावळीने तांदूळ, नारळ, गॅस मिळून आणखी 100 खर्चून 400 रुपयांच्या थाळ्या वाढल्या. हॉटेलच्या ओळीत 150. प्रत्येकाने स्वतः घातलेली भर तेवढी मोजायची. सगळ्यांची विक्री बेरजेत धरली, तर तोच बांगडा तीनदा मोजला जाईल. आणि डिझेलचे पैसे बहुतांशी गोव्याबाहेर जातात, कारण इथे रिफायनरीच नाही. म्हणून ‘इतके लाख पर्यटक आले’ ही गर्दीची बातमी आहे, वाढीची नव्हे.

आता वाढ. एखाद्या क्षेत्राने एकूण वाढीत किती भर घातली, ते ढोबळमानाने त्याचा आधीचा हिस्सा गुणिले त्याचा वाढीचा दर. 5 टक्के हिश्श्याचं क्षेत्र 20 टक्क्यांनी वाढलं तर भर 1 टक्क्याची. 40 टक्के हिश्श्याचं क्षेत्र रडतखडत 3 टक्क्यांनी वाढलं तरी 1.2 ची. मथळा अर्थातच पहिल्याला मिळतो.

घसरणीलाही हाच गुणाकार लागू. 2012 च्या सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, तेव्हा खाणकामाची ओळ कोसळलीच. पण डिचोली-सांग्यातले ट्रक, मांडवी-झुआरी नद्यांतले खनिज वाहणारे बार्ज वाहतुकीच्या ओळीत होते, तीही खचली. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून पुन्हा खाणकामाची परवानगी मिळाली. तळाला गेलेल्या पायावरून मोजली की अशी वाढ टक्क्यांत अवाढव्य दिसते. पण बंदीआधी, 2010-11 मध्ये, गोव्यातून झालेली खनिजाची निर्यात 5 कोटी टनांच्या वर होती, हे त्या टक्क्यांत दिसत नाही.