ट्रक ओढत नाही, मागचं चाक आत येतं

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर दुचाकीस्वार कंटेनरखाली आल्याची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असतं: "ट्रेलरनं त्याला आत ओढून घेतलं." बघणाऱ्यांना खरंच तसं दिसतं. मग त्याचं कारणही लोकच सांगतात. मोठी गाडी जवळून गेली की हवेचा झोत लहान गाडीला खेचतो, असं ते कारण.

हमरस्त्यावर ताशी ८० किलोमीटरनं जाणाऱ्या ट्रकच्या बाबतीत यात तथ्य आहे. त्या वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३०० न्यूटनपर्यंत जातो आणि स्कूटर डळमळते. पण चौकात वळणारा ट्रेलर ताशी १०-१५ किलोमीटरनं चालतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गानुसार बदलतो, त्यामुळे तो इथे जेमतेम १० न्यूटनवर येतो. म्हणजे एक किलो वजनाइतका. एवढ्यानं स्कूटर हलत नाही, माणूस तर नाहीच. चौकातल्या या अपघातामागे वाऱ्यापेक्षा भूमितीचा हात मोठा आहे, आणि ती भूमिती शाळेत शिकलेली आहे.

पावसाळ्यात डबक्यातून सायकल बाहेर काढा आणि कोरड्या फरशीवर वळवा. ओल्या चाकांच्या दोन रेषा उमटतात. सरळ जाताना त्या एकमेकींवर पडतात. वळताच वेगळ्या होतात, आणि मागच्या चाकाची रेषा नेहमी आतल्या बाजूला असते. पुढचं चाक हँडलबरोबर वळतं. मागचं चाक चौकटीत पक्कं बसलेलं असतं, ते फक्त नाकासमोर घरंगळू शकतं. त्यामुळे पुढच्याचा माग धरताना ते वाट तोडून आतून येतं. सायकलीत हा फरक काही सेंटीमीटरांचा असतो. ट्रकमध्ये तो मीटरांत जातो.

किती मीटरांत, ते काढता येतं. मागचं चाक बाजूला घसरत नाही, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती वळते तो बिंदू मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, रेषेवरच असायला हवा. त्या बिंदूपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एक बाजू, मागच्यापासून पुढच्या ॲक्सलपर्यंत दुसरी, आणि बिंदूपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत कर्ण, असा काटकोन त्रिकोण तयार होतो. पायथागोरस लावा. पुढचा ॲक्सल १२ मीटर त्रिज्येवर फिरतोय आणि दोन ॲक्सलांमधलं अंतर ६ मीटर आहे, असं धरू. लांब ट्रकचं किंवा १२ मीटर लांबीच्या बसचं हे अंतर साधारण एवढंच असतं. १४४ वजा ३६ म्हणजे १०८, त्याचं वर्गमूळ १०.४. मागचं चाक पुढच्यापेक्षा १.६ मीटर आतून जातं. स्कूटरला उभं राहायला एक मीटर पुरतो.

आता कंटेनर घ्या. त्यात दोन तुकडे असतात: पुढचा घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिनचा भाग, आणि मागचा ट्रेलर. ट्रेलर घोड्याच्या मागच्या चाकांवरच्या फिरत्या तबकडीला अडकवलेला असतो. त्यामुळे त्रिकोणही दोन होतात, एकावर एक रचलेले. घोड्याची मागची चाकं पुढच्यापेक्षा आतून जातात, आणि ट्रेलरची चाकं त्यांच्याही आतून. घोड्याच्या ॲक्सलांमधलं अंतर ३.५ मीटर आणि तबकडीपासून ट्रेलरच्या ॲक्सलांच्या मध्यापर्यंत ८.५ मीटर धरलं, तर दोन्ही वर्ग वजा करायचे: १४४ वजा १२.२५ वजा ७२.२५, उरले ५९.५. वर्गमूळ ७.७. फरक ४.३ मीटर! आपल्याकडे रस्त्याची एक लेन ३.५ मीटरची असते. पूर्ण वर्तुळ फिरलं तर हा आकडा गाठला जातो. चौकातलं पाव वर्तुळाचं वळण असेल तर फरक काहीसा कमी भरतो, तरी जवळजवळ लेनभर जागा मागची चाकं आत खातात. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडतात, तिथेही हीच बेरीज वाढत जाते. शेवटची ट्रॉली सगळ्यात आतून येते.

याचा पुरावा जवळपास प्रत्येक चौकात पडलेला असतो. वळणावरच्या फूटपाथचा कोपरा बघा: कठड्याचे दगड काळे पडलेले, कडा झिजून गोल झालेल्या, रेलिंगचा पहिला खांब आत वाकलेला. ड्रायव्हरनं केबिन रस्त्यावरूनच नेलेली असते. कठडा घासलेला असतो तो मागच्या चाकांनी.

कसलेल्या ड्रायव्हरला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून डावीकडे वळायचं असेल तर तो गाडी आधी उजवीकडे घेतो आणि मग डावीकडे टाकतो. नेमका इथेच घात होतो. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला वाटतं, ट्रेलर उजवीकडे चाललाय, डावी बाजू मोकळी झाली. तो त्या फटीत शिरतो. शिरताना फट तीन मीटरची असते. केबिन वळायला लागली की ती कात्रीच्या पात्यांसारखी मागच्या टोकाकडून मिटत येते. पाव वळणाला ट्रेलरला साधारण सात सेकंद लागतात, आणि त्यातले पहिले दोन-तीन सेकंद फट मिटतेय हे लक्षातच येत नाही. कारण माणूस पुढे केबिनकडे बघत असतो, आणि केबिन तर लांब जाताना दिसते.

मग "ओढून घेतलं" हे दृश्य कुठून येतं? पुढे सरकणाऱ्या ट्रेलरचा फाळका स्कूटरच्या उजव्या मुठीला लागतो आणि ती पुढे ढकलतो. हँडल डावीकडे वळतं. चालती दुचाकी हँडल डावीकडे वळताच उजवीकडे कलते, कारण चाकं अंगाखालून डावीकडे निघतात आणि वरचं वजन मागे राहतं. प्रत्येक दुचाकीस्वार वळताना नकळत हेच वापरतो. इथे मात्र उजवीकडे कलणं म्हणजे थेट ट्रेलरखाली जाणं. धक्का बाहेरच्या दिशेनं बसूनही माणूस आत पडतो, म्हणून बघणाऱ्याला ट्रेलरनं ओढल्यासारखं वाटतं. डांबर आणि काँक्रीटच्या जोडावर किंवा खचलेल्या पेव्हर ब्लॉकच्या उभ्या कडेवर स्कूटरचं दहा-बारा इंची चाक अडकलं, तर धक्का लागण्याचीही गरज उरत नाही.

"ड्रायव्हरनं बघायला नको का?" हा प्रश्न रास्त आहे. पण त्याला दिसतं किती, तेही मोजू. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याचा डोळा जमिनीपासून २.४ मीटरवर, डावीकडची काच सुरू होते १.९ मीटरवर, आणि डोळा ते डावं दार हे अंतर १.८ मीटर असं धरलं, तर काचेच्या कडेवरून जाणारी नजर दर मीटरला २८ सेंटीमीटर खाली उतरते. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं हेल्मेट १.४५ मीटरवर असतं. दारापासून १.६ मीटरच्या आत असलेल्या स्वाराचं हेल्मेटसुद्धा त्या काचेतून दिसत नाही. उरतो आरसा. पण घोडा डावीकडे वळला की डाव्या आरशात ट्रेलरचीच भिंत भरते.

माजिवड्यापासून फाउंटन हॉटेलच्या चौकापर्यंतचा हा रस्ता दोन कामं एकदम करतो. न्हावाशेवा बंदर आणि भिवंडीच्या गोदामांतून गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं इथूनच जातात, आणि मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या गृहसंकुलांतून कामावर निघालेली माणसंही इथेच असतात. गायमुखच्या घाटात तर चौकही लागत नाही. ६० मीटर त्रिज्येचं वळण धरलं तरी ट्रेलर ७० सेंटीमीटर आत सरकतो. अडीच मीटर रुंदीची गाडी लेनच्या मधोमध चालली तर दोन्ही बाजूंना अर्धा मीटरच उरतो. म्हणजे ड्रायव्हरनं केबिन लेनमध्ये नीट ठेवली, तरी ट्रेलर शेजारच्या लेनमध्ये डोकावतो.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यात सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. राष्ट्रीय महामार्गावरच्या ज्या ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात होतात किंवा दहा मृत्यू होतात, त्याला सरकार 'ब्लॅक स्पॉट' म्हणतं. अशा वळणांना लोक 'बाधलेली जागा' म्हणतात, तिथे नारळ फुटतात, ट्रकच्या बंपरला लिंबू-मिरची लागते. त्याच जागी पुन्हा पुन्हा अपघात होतो, कारण वळणाची त्रिज्या तीच राहते. नारळ फोडून ती वाढत नाही. कोपरा मागे घेतला, थांबारेषा मागे सरकवली, तर धोका खरोखर कमी होतो.

दुचाकीवाल्यानं करायच्या गोष्टी या भूमितीतूनच निघतात. सिग्नलला ट्रेलरच्या डाव्या अंगाला उभं राहू नका. मागेच थांबा, आणि अशा जागी थांबा की ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसेल. चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. बंपरच्या अगदी पुढ्यातही थांबू नका, उंच केबिनमधून तेवढी जागाही झाकली जाते. मोठी गाडी चौकाजवळ उजवीकडे सरकली तर ती डावीकडे वळणार असं आधी धरून चाला, इंडिकेटर लागलेला असो वा नसो. फटीत सापडलातच, तर पुढे निसटायला ॲक्सिलरेटर पिळू नका, कारण पुढे गेलात तर केबिनच्या वळणाच्या वाटेत जाल. लगेच ब्रेक दाबा, ट्रेलरची मागची चाकं अजून मागे असतील तर स्कूटर तिथेच सोडून डावीकडे फूटपाथवर उडी घ्या.

ट्रकवाल्याच्या बाजूनं सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या पोकळीला लावायचे आडवे दांडे, म्हणजे साइड गार्ड. तोल जाऊन पडणारा माणूस आत न जाता बाहेर ढकलला जातो, एवढंच त्यांचं काम. खालचा दांडा जमिनीपासून साधारण अर्ध्या मीटरवर हवा. त्यापेक्षा वर असेल तर पडणारा माणूस सहज खालून आत जातो. पुढच्या सिग्नलला शेजारी ट्रेलर दिसला तर बघा: दांडा वाकून वर गेलेला असेल, एका बाजूची पट्टी दोरीनं बांधलेली असेल, किंवा स्टेपनी काढताना दांडे उतरवले ते परत चढवलेच नसतील. ते चढवायला चार बोल्ट आणि अर्धा तास लागतो.