गाडी नुसती सुरू करू नका, फिरवून आणा

दिवाळी झाली की आमच्या गॅरेजचा फोन वाजायला लागतो. पुण्यात पहाटेचा पारा बारा-तेरापर्यंत उतरतो, हवा कोरडी होते, आणि नोकरीतून मोकळे झालेले आमचे ग्राहक हुड, म्हणजे गाडीचं कापडी छप्पर, उघडून फिरायचे बेत आखतात. गाड्या जुन्या, ब्रिटिश, उघड्या छपराच्या: कुणाची एमजी, कुणाची ट्रायम्फ स्पिटफायर. आठवड्याभरात फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: "अहो, मी दर रविवारी स्टार्ट करतो, तरी ही अशी का वागते?"

फोनवर हे नीट समजावता येत नाही, म्हणून हा कागद. उत्तर ऐकून थोडं वाईट वाटेल. गाडी तशी वागते ती बऱ्याचदा तुम्ही दर रविवारी स्टार्ट करता म्हणूनच.

रविवारचा कार्यक्रम आम्हाला पाठ आहे. चहा झाला, पेपर वाचून झाला की कव्हर काढायचं, चोक ओढायचा, सेल्फ मारायचा. इंजिनाने धरलं की दोनदा रेस द्यायची. सोसायटीतली दोन पोरं गोळा होतात, आवाज ऐकून आपल्यालाही बरं वाटतं. पाच-सात मिनिटांनी बंद, कव्हर परत. हे सगळं प्रेमापोटी चालतं. पण त्या पाच मिनिटांत आत काय होतं ते बघा.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एक लिटरमागे जवळपास लिटरभर. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असले तर त्याची वाफ बाहेर निघून जाते. गार असले तर थेंब होतात. काही सायलेन्सरमध्ये साचतात, काही पिस्टनच्या कडेने ऑइल चेंबरमध्ये उतरतात. पुढच्या रविवारी त्यात भर. मागच्या वर्षी एक काका १९६९ची एमजीबी घेऊन आले. गाडी वर्षभरात शंभर किलोमीटरही चालली नव्हती, पण एक रविवार चुकला नव्हता. सायलेन्सर बाहेरून काळाभोर, ठाकठीक. खाली उतरवून तिरका केला तर अर्धा पेला तांबूस पाणी निघालं. अंगठ्याने दाबला तर पत्रा भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला. ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पिवळट थर. असा थर दिसला की पाणी इंजिनातूनच ऑइलमध्ये गळतंय असं वाटतं, म्हणून दुसरीकडे त्यांना "हेड गॅस्केट गेलं, हेड उघडावं लागेल" असं सांगितलं होतं. गॅस्केट शाबूत होतं. आम्ही ऑइल बदललं, सायलेन्सर नवा घातला, काकांना शेजारी बसवून सासवडपर्यंत जाऊन आलो. अशा तीन फेऱ्यांनंतर झाकण स्वच्छ. हेड उघडलं असतं तर आमचं बिल मोठं झालं असतं, एवढंच सांगतो.

चोकचंही तसंच. चोक ओढला की पेट्रोल जास्त जातं, तेही गार सिलिंडरमध्ये. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पापुद्रा धुऊन नेतं आणि ऑइल पातळ करतं. प्लग काळे पडतात, मग गाडी मिसिंग करते आणि तुम्ही म्हणता कार्बोरेटर साफ करा. आम्ही साफ करतो, महिन्याने तुम्ही पुन्हा येता. एका हंगामात तीन-तीनदा कार्बोरेटर उघडलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि खरा दोष तिन्ही वेळा रविवारचा होता.

"पण बॅटरी तरी चार्ज होते ना?" नाही होत. सेल्फ मारताना बॅटरी जेवढं देते, तेवढं परत मिळायला गाडी चालवावी लागते. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे, आणि आयडलवर तो जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत राहतो तो तेच सांगतो. जाता जाता, त्याच गाड्यांमध्ये बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते. सवयीने ऋण बाजू बॉडीला धरून शेजारच्या नव्या गाडीवरून जंप देऊ नका. आम्हाला आधी फोन करा.

शिवाय पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी पाइपना खातं. रविवारच्या पाच मिनिटांत कपभर पेट्रोल जळतं. उरलेलं टाकीत महिनोन्महिने तसंच. पाइप आणि डायाफ्राम इथेनॉल सोसणारे घातलेले नसतील तर यंदा घालून घ्या. आम्ही ते दर सर्व्हिसिंगला तपासतोच, पण टाकीत थांबलेल्या पेट्रोलवर आमच्याकडे इलाज नाही.

मग करायचं काय? पंधरा दिवसांतून एकदा, पण नीट चालवा. किमान तीस किलोमीटर. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तापलं असं समजू नका, तो काटा पाण्याचा आहे. ऑइलला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. सुरू झाल्यावर जागेवर तापवत बसू नका. मिनिटाभरात हळू निघा, चोक टप्प्याटप्प्याने आत ढकला आणि पहिले सात-आठ किलोमीटर रेस कमी ठेवा. एसयू जातीचा कार्बोरेटर असेल तर वरच्या पितळी टोपीखालच्या नळीत ऑइल आहे ना ते बघा. ते संपलेलं असलं की पिकअपला गाडी अडखळते. हे घरी दोन मिनिटांत होतं, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

निवृत्तीचा खरा फायदा इथेच आहे आणि बहुतेक जण तो घेत नाहीत. शनिवार-रविवारी सिंहगड रस्त्यावर लोकांच्या गाड्यांमागे क्लच दाबत कशाला बसायचं? मंगळवारी सकाळी साडेसातला निघा. कात्रजचा जुना घाट चढून खेड शिवापूर, किंवा दिवे घाटातून सासवड. थंडीत तिथे अंजिरं मिळतात, ती घेऊन अकराच्या आत घरी. गाडी तापते, बॅटरी भरते, सायलेन्सर कोरडा होतो. दम असेल तर वाईहून पसरणीचा घाट आणि पाचगणी. उतरताना मात्र ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर गाडी सोडू नका.

थंडी वाजते ही तक्रार आम्हाला मान्य नाही. हुड उघडा, पण दारांच्या काचा वर ठेवा, शेजारची सीट रिकामी असेल तर टोनो कव्हरने (सीटवर ताणून बसवायचं झाकण) झाका आणि हीटर लावा. हीटर म्हटलं की लोक हसतात. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा हीटर कधीकाळी कुणा मिस्त्रीने गळतो म्हणून पाइप जोडून बंद केलेला असतो, कारण पुण्यात हीटर कुणाला हवाय? पहाटे घाटात उघड्या गाडीत बसा, म्हणजे कळेल. पाय गरम असले की वरची गार हवा सुखाची वाटते. यंदा तीन गाड्यांचे हीटर आम्ही परत सुरू करून दिले, आणि तिन्ही घरांतल्या काकू आता सोबत जायला लागल्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर सीटचा फोम उंच करून देतो. त्याने चढ-उतार सोपी होते. लाज वाटून घेऊ नका, आमच्या निम्म्या ग्राहकांनी करून घेतलंय.

नंबर प्लेटबद्दल दोन शब्द. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. व्हीए अक्षरांची प्लेट मिळते, नोंदणी दहा वर्षांची. पण तशी नोंदवलेली गाडी रस्त्यावर रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांपुरतीच. म्हणजे आम्ही वर सांगितलेली मंगळवारची अंजिरं त्यात बसत नाहीत. चालवायची हौस असेल तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा. प्लेटच्या मोहात घाईने अर्ज करू नका.

आणि सहा महिने मुलाकडे अमेरिकेत जाणार असाल, किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल, तर उलटं करा: गाडी अजिबात सुरू करू नका. पुतण्याला किंवा वॉचमनला किल्ली देऊन "आठवड्याला एकदा स्टार्ट कर" असं तर मुळीच सांगू नका. जाण्याआधी ऑइल बदला, बॅटरी काढून घ्या, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा. पावसाळा मध्ये येणार असेल तर क्लच पेडल फळीने दाबून ठेवा, नाहीतर प्लेट चिकटते. प्लास्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतं. जुनी सुती चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा, उंदरांसाठी, आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी. टाकी रिकामी करणं वगैरे आम्ही करून देतो, आणि जागा असेल तर गाडी आमच्याकडेच ठेवूनही घेतो.

शेवटचा मुद्दा वादाचा. "गाडी रात्रभर का ठेवून घेता, संध्याकाळी द्या की" असं बरेच जण म्हणतात. सकाळी सुरू व्हायला त्रास देते ही तक्रार असताना तुम्ही गाडी चालवत, गरम करून आणता. गरम इंजिनात तो दोष दिसतच नाही. सकाळी सातला, गार असताना, पहिला सेल्फ आम्हाला मारायचा असतो. बिलात "रनिंग" म्हणून जी ओळ असते ती त्यानंतरच्या तीस किलोमीटरची. अँबॅसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचा एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन हा थोरला भाऊच, त्यामुळे आमचा हात त्यावर बसलेला आहे. तरी न चालवता "झाली" असं म्हणून किल्ली द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

तेव्हा आदल्या संध्याकाळी सहाच्या आत गाडी आणा, टाकी निदान पाव भरलेली असू द्या. आणि टाकीच्या झाकणाची किल्ली आठवणीने द्या. ती दर वेळी घरीच राहते.